समानता कुठल्या लिफ्टने आली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागे तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका काकांचं पत्र आलं होतं (काका हा माझा अंदाज, भाषेवरून). मुली पायलट झाल्या, कलेक्टर झाल्या, सोसायटीच्या कमिटीतसुद्धा बायका बसायला लागल्या, मग आता हा स्त्रीवाद वगैरे बस करा की, उलट आता पुरुषांनाच संरक्षण द्यायची वेळ आलीय, असं काहीतरी. वाचून आधी चिडले, मग म्हटलं चिडून काय होणार, कारण काका जे लिहितात ते आमच्या सकाळच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये निम्म्या जणींना पटतं. त्यातलं थोडं मलाही पटतं. दर मार्चमध्ये त्याच पायलट, त्याच कलेक्टर, त्याच उद्योजिका, त्यांचे हात घडी घातलेले फोटो, आणि तुमची पुरवणी पण त्यात आली बरं का. एक बाई वर पोचली की सगळ्या पोचल्या असं आपण धरून चालतो. काका त्यावरून म्हणतात काम संपलं. मी म्हणते की आपण चुकीच्या टोकाने मोजतोय, ज्या बाईच्या हातात सगळ्यात कमी आहे तिच्यापासून मोजा ना, मग बघू संपलं का ते.

मी राहते घोडबंदर रोडला, नोकरी महापेला. सोसायटीचं नाव देत नाही कारण तिथेच राहायचंय. ८ मार्चला आमच्याकडे गुलाबी ड्रेसकोड होता, झुंबा झाला, एका मॅडमचं 'स्वतःसाठी वेळ काढा' यावर भाषण झालं, सगळ्यांना हॅम्पर मिळालं. खुर्च्या लावणाऱ्या बायकाच होत्या आणि नंतर हॉल झाडणाऱ्या पण बायकाच, हाउसकीपिंगच्या. त्यांना समोसा मिळाला, हॉलच्या बाहेर, पेपर प्लेटमध्ये. कोणी मुद्दाम केलं असं नाही, कोणाच्या डोक्यातच आलं नाही की ह्या पण आत बसू शकतात, आणि मला विचाराल तर मुद्दाम केलं असतं तर परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

आता टॉयलेटचं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. आमच्या टॉवर्समध्ये रोज ढीगभर बायका कामाला येतात. लोकमान्यनगरहून, मानपाड्याहून, काही येऊरच्या पाड्यांवरून उतरून येतात. सकाळी सातला गेटवर फोन दाखवून एंट्री, मग चार-पाच घरची भांडी, लादी, पोळ्या करत दुपारी दोन वाजतात. एवढ्या वेळात त्यांनी जायचं कुठे? ज्या घरचं बाथरूम त्या घासतात त्याच घरात 'ताई जरा जाऊन येऊ का' विचारायची हिंमत होत नाही, आणि एकीने विचारलं तर 'आमच्याकडे नको गं, सासूबाईंना चालत नाही'. मग काय करतात, तर पाणी पीत नाहीत. मे महिन्यात पण नाही. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका, एकीला युरिन इन्फेक्शन सारखं व्हायचं, डॉक्टरने पाणी प्या म्हणून लिहून दिलं आणि ती हसत होती की पाणी पिऊन जाऊ कुठे. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' नावाने संस्थांनी मिळून मोहीम चालवली, रस्त्यावरच्या बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून. तेव्हा नावावरूनच लोक फिदीफिदी हसले होते. आमची सोसायटी रस्त्यावर नाही, चांगली जिम आहे, स्विमिंग पूल आहे, तरी परिस्थिती तीच.

विषय काढला तो एका पोळीवाल्या मावशींनी. साठी ओलांडलेली बाई, कमिटीच्या ऑफिसबाहेर उभी राहून म्हणाली की आम्हाला एक संडास द्या नाहीतर आम्ही सगळ्या एक दिवस येत नाही. बस्स. त्या एका वाक्याने व्हॉट्सॲप ग्रुप पेटला. मग त्या तिथेच टाइमपास करत बसतील, मेंटेनन्स वाढेल, सिक्युरिटी इश्यू होईल, साफ कोण करणार, आणि एकाने तर लिहिलं की आज टॉयलेट उद्या एसी मागतील. यात सगळ्यात जोरात विरोध करणाऱ्या बायका होत्या हे मी लपवणार नाही. काकांना हे वाचून बरं वाटेल. पण काका, यातून 'बाईच बाईची शत्रू' असं निघत नाही हो, फ्लॅटची मालकीण आणि तिच्याकडे कामाला येणारी यांचं हित आपोआप एक नसतं एवढंच निघतं, ते एक करायला कष्ट घ्यावे लागतात. त्याच ग्रुपवर आधी एकदा असंही ठरलं होतं की भांड्याला अमुकच द्यायचे, जास्त देऊन कोणी रेट खराब करायचा नाही. सगळ्या सुशिक्षित बायका, सगळ्यांनी थम्ब्स अप दिला. आणि गेटच्या ॲपवर कामवालीला स्टार देता येतात, तिला मात्र मॅडमला स्टार देता येत नाहीत.

बरं, पुढे काय झालं ते मजेशीर आहे. आम्ही काही जणींनी ठरवलं की स्पेशल जनरल मीटिंग बोलवायची. सहकारी संस्थांच्या कायद्यात आहे की एक पंचमांश सभासदांनी लेखी मागितलं तर बोलवावी लागते. सह्या गोळा करायला निघालो आणि तिथेच अडकलो, कारण सभासद कोण? शेअर सर्टिफिकेटवर पहिलं नाव ज्याचं तो. दुसरं नाव असलेल्या बाईचा नंबर कधी, तर पहिलं नाव गैरहजर असलं तर. म्हणजे बारा-बारा वर्षं ईएमआय भरलेल्या, स्वतःच्या पगारातून भरलेल्या बायका आपल्या सहीचा उपयोग नाही म्हणून नवऱ्याची सही मागत होत्या, तीही कामवालीच्या संडाससाठी. कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत, कायद्यानेच आहेत, आमच्याकडे त्या भरलेल्या पण आहेत, पण मीटिंगच्या मिनिट्समध्ये त्यांच्या नावापुढे 'चर्चेत भाग घेतला' यापलीकडे काही सापडत नाही. तो दिवस होता जेव्हा मला जाणवलं की मावशींचा प्रश्न आणि माझा प्रश्न वेगळे नाहीत. तिला टॉयलेट नाही आणि मला मत नाही.

(आता नवीन बुकिंगमध्ये नुसतं बायकोचं नाव टाकायची फॅशन आलीय, कारण २०२१ पासून फक्त बाईच्या नावाने घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. समानता यावी म्हणून कोणी नाव टाकेना, एक टक्क्यासाठी पटकन टाकलं. असो, आलं ना नाव, मी तक्रार करत नाही.)

शेवटी सह्या झाल्या त्या कोणामुळे, तर ड्रायव्हर आणि वॉचमनमुळे. त्यांना पण जायला जागा नव्हती, ते मागच्या कंपाउंडची भिंत वापरायचे आणि त्यावरून रोज बोलणी खायचे. त्यांनी आपापल्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी बायकोचं नाही ऐकलं, ड्रायव्हरचं ऐकलं, यावर पण लिहिता येईल पण जाऊ दे. मग एक रिटायर्ड गृहस्थ होते, सिव्हिल इंजिनीअर, त्यांनी मंजूर प्लॅन काढून दाखवला की तळमजल्यावर स्टाफसाठी टॉयलेट आधीपासून आहे, बिल्डरने बांधलेलं, आणि आपल्या कमिटीने त्यात गणपतीचं मखर आणि जुने फ्लेक्स भरून ठेवलेत. मीटिंगमध्ये हे कळल्यावर दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. ठराव पास. आता तिथे बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, आतून कडी, डस्टबिन, सगळं आहे. आणि वापरतं कोण माहितीये? कामवाल्या तर वापरतातच, पण संध्याकाळी बागेत बसणाऱ्या आज्या, ज्यांना सतराव्या मजल्यावर जाऊन परत यायला होत नाही त्या, आणि खेळणारी पोरं. ज्या आजींच्या सुनेने ग्रुपवर सगळ्यात लांबलचक विरोध लिहिला होता त्या आजी तर रोज.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगायचं कारण असं की आपल्याकडे बायकांना जे काही मिळालं ते नेहमी असंच मिळालंय, तळाच्या बाईच्या प्रश्नातून आणि अनेकांनी मिळून. आमच्या ट्रान्स-हार्बरवर ठाण्याहून सकाळी ज्या मुली लॅपटॉपच्या बॅगा घेऊन ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरतात त्यांच्या ऑफिसात पॉशची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची, कमिटी असते, भिंतीवर पोस्टर असतं, वर्षातून एकदा ट्रेनिंग असतं आणि त्यात सगळे मोबाइल बघत बसतात. ही कमिटी आली कुठून? राजस्थानात भटेरी गावात भंवरी देवी नावाची कुंभार समाजातली बाई, सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन (गावातली कार्यकर्ती) म्हणून काम करायची, बालविवाह थांबवायला गेली आणि त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर गँगरेप झाला. संघटनांनी मिळून सुप्रीम कोर्टात याचिका केली, १९९७ ला विशाखा गाइडलाइन्स आल्या, २०१३ ला कायदा झाला. म्हणजे एसी ऑफिसातल्या मुलीला जे संरक्षण मिळतंय ते एका गावातल्या गरीब बाईने सोसल्यामुळे. तसंच मथुरा नावाच्या मुलीचं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली (देसाईगंज आता गडचिरोलीत येतं) आदिवासी मुलगी, १९७२ ला पोलीस चौकीत अत्याचार, आणि सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं. १९७९ ला चार कायद्याच्या प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर, दोन बाया दोन पुरुष, मग मुंबई-दिल्लीत बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाईने संमती नव्हती म्हटलं तर कोर्टाने ते धरून चालायचं, हे तेव्हा आलं.

मला राग याचा येतो की खालून वर आलेलं हे संरक्षण परत खाली पोचत नाही. पॉशच्या त्याच २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाईचं नाव घेऊन लिहिलंय. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत, किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार आहे, तिथे तिने जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तक्रार तीन महिन्यांत करायची, लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं ही समितीची जबाबदारी आहे, आणि घरकामगाराच्या केसमध्ये प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत ते पोलिसांकडे पाठवायचं. किती छान लिहिलंय. आता तुम्ही मला सांगा तुमच्या कामवाल्या ताईंना हे माहीत आहे का? तुम्हाला माहीत होतं का? आमच्या लिफ्टमध्ये पिझ्झाच्या ऑफर लागतात, क्लासेसच्या जाहिराती लागतात, समितीचा पत्ता आजवर कुठल्या लिफ्टमध्ये लागलेला मी बघितला नाही. सर्व्हिस लिफ्टमध्ये पण नाही. तसंच घरेलू कामगार कल्याण मंडळाचं, कायदा २००८ चा, १८ ते ६० वयाच्या बाईची नोंदणी होते, पण फॉर्मला मालकाचं सर्टिफिकेट म्हटलं की मॅडम म्हणतात कशाला लफडं, उद्या पीएफ मागशील.

काकांनी पुरुषांचं लिहिलंय त्यावर येते. ते म्हणतात स्त्रीवाद पुरुषांच्या विरोधात आहे. काका, तुम्ही आपल्याच मुंबईचा इतिहास बघा ना. नारायण मेघाजी लोखंडे, आपल्याला रविवारची सुट्टी ज्यांच्यामुळे मिळाली ते गिरणी कामगारांचे पुढारी, त्यांनी १८९० ला नाभिकांना एकत्र करून ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, आणि त्यात त्यांचं नुकसानच होतं, धंदा होता तो त्यांचा. पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती म्हणून कार्यक्रम घेतला, शरद जोशींच्या सांगण्यावरून खेड्यातल्या बाप्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमीन केली, सातबाऱ्यावर नाव. आमच्या टॉवरमधले एमबीए लोक शेअर सर्टिफिकेटवर नाव पहिलं करायला तयार नाहीत आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी जमीन दिली. मुंबईत १९९३ पासून 'मावा' म्हणून पुरुषांचीच संस्था आहे, बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करणारी, कॉलेजच्या पोरांशी बोलतात. त्यामुळे पुरुष बाहेर असं कोणी म्हणत नाहीये. फक्त आत यायचं तर वस्तरा खाली ठेवून यायचं, भाषण द्यायला नाही.

आणि पुरुषांचे प्रश्न खरंच आहेत हो. माझ्या ऑफिसातला एक मुलगा बाप झाला, त्याला सुट्टी मिळाली नाही, तीन दिवसांत कामावर, डोळे लाल. केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस पितृत्व रजा मिळते, खासगीत कायद्याने काहीच नाही. ही मागणी कोणी करायची? मी म्हणते आपण मिळून करू. बाईला २०१७ पासून २६ आठवडे मिळतात (तेही पहिल्या दोन मुलांना), आणि त्याचा उलटा परिणाम काय होतो तर इंटरव्ह्यूला लग्न कधी झालं विचारतात, कारण मूल म्हणजे बाईचीच रजा असं गणित आहे. बापाला पण रजा सक्तीची झाली की ते गणितच बिघडेल. पाळणाघराचं पण तसंच, पन्नास आणि वर माणसं असली तर क्रेश द्यायला लागतं, आमच्याकडे पगारी स्टाफ मोजला तर पन्नासच्या खाली, एजन्सीकडून आलेल्या पॅकिंगच्या आणि हाउसकीपिंगच्या बायका धरल्या तर बऱ्यापैकी वर. त्यांना धरायचं का नाही यावर माझं मूल कुठे राहणार हे ठरतं. माझं मूल आता मोठं झालंय म्हणा, पण मुद्दा कळला असेल.

घरच्या कामाचं तर सरकारी आकडेच आहेत. टाइम यूज सर्व्हे होतो, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याचा. जे स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करतात त्यांच्यात २०१९ ला बायका दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या आणि पुरुष ९७, आणि २०२४ ला बायका २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांची पण नऊ वाचली! म्हणजे बाप्यांनी उचललं नाही, मिक्सरने, वॉशिंग मशीनने किंवा दुसऱ्या बाईने उचललं. आमच्यासारख्यांच्या घरात ती दुसरी बाई. मी महापेला वेळेवर पोचते कारण एक बाई तिच्या पोराला शेजारणीकडे टाकून माझ्याकडे येते. नवरा चांगला आहे, चहा करतो, तरी हे असंच आहे. म्हणून मला ते 'मी माझ्या पायावर उभी आहे' वगैरे ऐकलं की हसू येतं.

एकत्र या म्हटलं की लगेच कोणीतरी म्हणतं आधी तुमच्यात एकी करा. एकमत नसलं तरी एकत्र येता येतं, १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे समाजवादी आणि अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, विचारात केवढा फरक, पण लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्च्यात दोघी बरोबर. तेल, रॉकेल, साखर यावर भांडल्या. पण खरं बोलायचं तर एकत्र म्हणताना कोण सुटतं तेही बघायला पाहिजे. दलित बायकांनी जुलै १९४२ लाच नागपूरला परिषद घेतली होती, बाबासाहेब होते, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बायका जमल्या, घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्व बंद करा म्हटलं, गिरणीतल्या आणि विडी कारखान्यातल्या बायकांना रजा मागितली. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी. आमच्या शाळेच्या पुस्तकात हे कुठे होतं? आमच्याकडे स्त्री चळवळ म्हणजे रमाबाई रानडे, कर्वे आणि थेट इंदिरा गांधी.

आमच्या जानेवारीच्या हळदीकुंकवाचंच घ्या. विधवांना बोलवायचं नाही हा नियम कोणी लिहिलेला नाही पण पाळतात सगळ्या. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ ला ग्रामसभेत ठराव केला की विधवांची कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद, त्यानंतर सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. गावाला जमलं, घोडबंदर रोडला नाही जमत. यंदा आम्ही आमच्या विंगमध्ये नुसतं 'तिळगूळ' म्हणून बोलावलं, सगळ्यांना, खालच्या मजल्यावरच्या नाझनीन भाभींना पण (नाव बदललंय), कामवाल्यांना पण. काही जणी आल्या नाहीत, त्यांचं त्यांच्यापाशी. मावशींनी वाण म्हणून सगळ्यांना एकेक स्टीलची वाटी दिली, स्वतःच्या पैशाने, ते मात्र मला नको वाटत होतं पण ऐकल्या नाहीत. भाभींचं माहेर मुंब्र्याचं, त्या सांगत होत्या की त्यांच्या भाच्या तिकडे फुटबॉल खेळतात. मला आधी वाटायचं की मुस्लिम बायकांचं आपण बोललं पाहिजे, त्यांच्या वतीने. पण १९६६ ला हमीद दलवाईंनी विधिमंडळावर जो मोर्चा नेला त्यात सात मुस्लिम बायका स्वतः चालल्या होत्या, तोंडी तलाकाविरुद्ध. फक्त सात. आपण त्यांच्या मागे चालायला काय हरकत आहे.

ट्रेनचं एक सांगते आणि थांबते, पत्र फार मोठं झालं. लेडीज डब्यात एक तृतीयपंथी मुलगी चढते, कळव्याकडून येते बहुतेक, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, कोपरखैरणेला उतरते. सुरुवातीला काही जणी सरकून बसायच्या, एकीने तर तोंडावर म्हटलं की हा डबा बायकांचा आहे. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथींच्या हक्कांवरच्या नालसा निकालात स्पष्ट सांगितलंय की आपली ओळख आपण ठरवायची, पण डब्यात सुप्रीम कोर्ट कोण बघतंय. तिच्या बाजूने बोलली ती भाजीची टोपली घेऊन वाशीला निघालेली एक बाई, जिला स्वतःला रोज 'लगेजमध्ये जा' ऐकायला लागतं. आता ती मुलगी चौथ्या सीटसाठी आमच्याशी सगळ्यांसारखीच भांडते.

काकांना माझी विनंती एवढीच आहे की त्यांनी आपल्या सोसायटीत खाली जाऊन विचारावं की कामाला येणाऱ्या बायका लघवीला कुठे जातात, आणि जे उत्तर मिळेल ते तुमच्याच सदरात लिहून कळवावं, मी वाट बघीन. आमच्या सोसायटीची एजीएम (वार्षिक सभा) सप्टेंबरच्या आत होईल. मी आणि अजून काही जणींनी दोन विषय लेखी दिलेत: स्थानिक समितीचा पत्ता दोन्ही लिफ्टमध्ये लावायचा, आणि ज्या घरात दोघांची नावं आहेत तिथे पहिलं नाव कोणाचं हे एकदा घरोघरी विचारून बदलायचं असेल तर सोसायटीने अर्ज भरायला मदत करायची. पहिल्या विषयाला सेक्रेटरी म्हणाले, सर्व्हिस लिफ्टमध्ये लावा, मेन लिफ्टमध्ये बरं दिसणार नाही. दुसऱ्याला म्हणाले, बघू.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)
(नाव छापू नका प्लीज)